अर्धा गोप्या

आई, वरवंटा तू फोडला नव्हतास. मी फोडला होता.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं असतं तरी काम झालं असतं, पण तुला ठाऊक आहे, एका वाक्यात गोष्ट सांगणं मला जन्मात जमलेलं नाही. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, तरी उत्तराआधी सगळ्या पायऱ्या लिहायची खोड गेली नाही. तेव्हा तू जरा सावकाश बस. मीही बाल्कनीत उन्हात बसले आहे. कठड्यावर रजया वाळत घातल्यात, आत बाळ झोपलंय, सूनबाई झोपलीय, आणि घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजणार नाही अशी व्यवस्था मी केलीय. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी सत्तरीला टेकले, आजी झाले, आणि गेल्या आठवड्यात माझ्या नातीचं बारसंही पार पडलं. त्या बारशात मी एक खरी गोष्ट चारचौघांत सांगून टाकली, आणि त्याचं जे काही झालं, ते झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूसच नाही. म्हणून हे पत्र.

आपण कोकणातून भोपाळला आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांना कारखान्यात नोकरी लागली, टाउनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, आणि तू सामानात काय आणलंस? दोन चादरी, एक गोधडी, आणि गोणपाटात बांधलेला पाटा-वरवंटा. बाबा गाडीभर कुरकुरत होते, "अगं, तिकडे काय दगड मिळत नाहीत?" तू म्हणालीस, "मिळतील. पण त्यांची मला ओळख नसेल." पहिल्या डिसेंबरात मात्र त्या दोन चादरींनी आपली चांगलीच फजिती केली. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे जरा पाय पोटाशी घ्यायचे, इतपतच. इथे संध्याकाळी अंथरूण घातलं की ते ओलं आहे की गार, हेच कळायचं नाही. मला आठवतंय, मी रडायचे ते थंडीने नाही, अंथरुणात शिरायच्या भीतीने. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं हातपाय कुठे ठेवू असं व्हायचं. जिथे ठेवावे तिथे बर्फ.

टाउनशिप म्हणजे सगळा देश एका रांगेत. त्यामुळे अंथरूण गरम करायच्या तऱ्हाही घरागणिक वेगळ्या. समोरचे पंजाबी काचेच्या बाटलीत उकळतं पाणी भरून, लोकरीच्या मोज्यात घालून पायाशी ठेवायचे. पलीकडचं केरळचं कुटुंब आपल्याइतकंच अडाणी, ते चौघं एकाच रजईत झोपायचे आणि कुणी कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. शेजारी बुंदेलखंडची अम्मा होती, ती मातीच्या भांड्यात निखारे घालून खाटेखाली सरकवायची, वर राख पसरून, आणि खिडकी हमखास उघडी ठेवायची. तिनेच तुला बजावलं होतं, "बहू, बंद कमरे में अंगीठी मत रखना. और खाट नहीं है, तो ईंट तपाओ. ईंट कपड़े में लपेटो, बिस्तर में रख दो. बस." वीट कुठली आणायची? क्वार्टरच्या मागे रचलेल्या विटा कारखान्याच्या, त्यातली एकसुद्धा बाबांनी उचलू दिली नसती. तू कंबरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिलीस, इकडेतिकडे बघितलंस, आणि तुझी नजर वरवंट्यावर गेली. चांगला हातभर लांब, काळाभोर, आत्याच्या घरून आलेला. म्हणजे बाबांच्या आईचा. लग्नानंतर आत्याने तो तुझ्या हाती सोपवला होता.

तुझी ती पद्धत मी आजही डोळे मिटून सांगेन. चटणी सकाळीच वाटून व्हायची. दुपारनंतर वरवंट्याला पाणी लागू द्यायचं नाही. दिवसभर तो उन्हात ओट्यावर पडलेला. संध्याकाळचा स्वयंपाक झाला, सिगडीतले निखारे राखेखाली मऊ झाले, की तू वरवंटा निखाऱ्यांवर नाही, त्यांच्या बाजूला राखेत टेकवायचीस आणि भाजी ढवळावी तसा अधूनमधून फिरवायचीस. मग बाबांच्या जुन्या धोतराचे तीन वेढे, आणि वर माझी लहानपणची कुंची. कुंची का, तर म्हणे तिला नाड्या होत्या, बांधायला सोयीची. पण कुंची घातल्यावर त्याचा गोप्याच झाला. बारशाला नाही का आपण वरवंट्याला असंच नटवतो, झबलं-टोपडं घालतो, आणि बाळाच्या आधी तोच पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती फिरतो! आपल्या घरात तर दर थंडीत रोज संध्याकाळी बारसं. "गोप्या झोपला का?" बाबा विचारायचे. एकदा अम्मा साखर मागायला आली आणि तू कुंचीतला वरवंटा कडेवर घेऊन खोलीतून खोलीत निघालेलीस. ती दारातच थबकली. "हाय राम, कब हुआ? बताया भी नहीं!" तू हसत हसत कुंची बाजूला सारून दाखवलीस. अम्माने आधी कपाळावर हात मारला आणि मग दोन्ही हात जोडून गोप्याला नमस्कार केला. तिचा सगळा हिशेबच वेगळा होता.

पण गोप्या एक आणि अंथरुणं तीन. बाबांची पहिली पाळी असायची, ते आठालाच आडवे व्हायचे, म्हणून आधी त्यांचं अंथरूण. तू गोप्याला पायथ्याशी ठेवायचीस आणि हळूहळू वर ओढत आणायचीस, इस्त्री फिरवावी तशी. गोप्या बाहेर निघाला की माणसाने आत शिरायचं, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. मग माझं अंथरूण. मग भांडी, उद्याची कणीक, दूध झाकणं, आणि सगळ्यात शेवटी तुझं. तोवर गोप्यात काय उरायचं? मी एकदा हात लावून बघितला होता. माझा हात त्याच्यापेक्षा गरम होता. आणि वास! सकाळच्या लसणीच्या चटणीचा, गरम झाल्यावर दुप्पट. आपल्या तिघांच्या रजया होळीपर्यंत लसणीच्या वासाने घमघमायच्या. मला तो वास आवडायचा, हे खरं सांगते. पण मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी तुला दिवस गेले होते, आणि नववा महिना लागल्यावर लसणीचा वास आला की तुझ्या पोटात ढवळायचं. तू गोप्या तुझ्या अंथरुणात घालायचंच बंद केलंस. "मला नको बाई, मला आतूनच गरम होतं," म्हणायचीस. आणि मग मला अंधारात तुझे दात वाजताना ऐकू यायचे.

तर माझ्या डोक्यात आलं की आज गोप्या आधी आईच्या अंथरुणात. आणि अगदी बिनवासाचा. केवढी मोठी अक्कल! त्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले आणि तू अम्माकडे बाळाचे मोजे विणायला शिकायला गेलीस. तुझी पाठ वळताच मी बादलीत कढत पाणी ओतलं, त्यात धुण्याच्या सोड्याची मूठ टाकली आणि गोप्याला आंघोळीला बसवला. एक तास नाही, चांगला दिवेलागणीपर्यंत. मग काथ्या आणि राख घेऊन असा घासला की माझी नखं दुखली. नाकाला लावला, वास नाही. पुन्हा लावला, नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला. तू यायच्या आत तो तापायला हवा होता, म्हणून राखेत बाजूला वगैरे टेकवायची काही गरज मला वाटली नाही. सिगडी मी नुकतीच पेटवून आत आणली होती, लालबुंद. ठेवला सरळ मध्यभागी.

आधी तो सळसळला. मग त्याच्या अंगातून बारीक वाफ निघाली. मला वाटलं, छान, तापतोय! आणि मग असा काही आवाज झाला की पाट्यावरची वाटी खाली पडली. निखारे उडाले, पायपुसण्याला दोन भोकं पडली. धूर निवल्यावर बघते तर गोप्याचे दोन तुकडे. एक मोठा, एक छोटा, मध्ये तिरका छेद. मी चिमट्याने पायपुसण्यावरचे निखारे गोळा करते आहे तोच तू दारात. एका हाताने पाठ धरलेली, दुसऱ्या हातात अर्धा मोजा.

"अगं, काय फुटलं?"

आणि आई, मला विचार करायला एक क्षणही लागला नाही, याचंच मला आजही आश्चर्य वाटतं. मी म्हटलं, "वरवंटा! तूच ठेवला होतास ना मघाशी सिगडीवर? विसरलीस?"

"मी? मी ठेवला?"

"हो. अम्माकडे जाताना ठेवलास. मी बघितलं."

पहिलं खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. पण "मी बघितलं" हे कशाला? ते मात्र चांगलं शांत डोक्याने बोलले. सिगडी तू गेल्यावर मी पेटवली होती, हे तरी निदान माझ्या लक्षात यायला हवं होतं. खाली बसायला तुला किती वेळ लागला ते मला आठवतं, आधी गुडघा, मग हात, मग बाकीची तू. मोठा तुकडा चिमट्याने बाहेर ओढलास, जरा निवू दिलास, त्याच्या फुटलेल्या बाजूवर अंगठा फिरवलास आणि अंगठा नाकाशी नेलास. मग माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "ठेवला असेन बाई. हल्ली माझं डोकंच ठिकाणावर नसतं." बाबा आल्यावर त्यांनाही तसंच सांगितलंस. बाबा दोन्ही तुकडे हातात घेऊन हसत सुटले. "चला, आता अर्धा गोप्या," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर हसले. त्या संध्याकाळचं अजून एक राहिलंय, ते शेवटी सांगते.

पुढच्या आठवड्यात आत्या आली आणि चार दिवसांनी भाऊ झाला. बारशाच्या सकाळी आत्याने वरवंटा मागितला. तू कुंचीतला मोठा तुकडा पुढे केलास. आत्याचा चेहरा मी विसरणार नाही. "हे काय गं? माझ्या आईचा वरवंटा! चार पिढ्यांचा गोप्या, आणि तू विस्तवात घातलास?" क्वार्टर ते केवढं, रांगेतल्या सगळ्या बायका जमलेल्या. पंजाबी, केरळी, अम्मा, सगळ्यांसमोर. "एवढं कसं गं बाई वेंधळं असावं माणसानं! वस्तू दिली की तिचं मातेरं." तू बारा दिवसांची बाळंतीण, मान खाली घालून म्हणालीस, "हो वन्सं, चुकलंच माझं." मी घुगऱ्यांचं ताट घेऊन तुझ्यापासून दोन हातांवर उभी. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात घुगऱ्या होत्या म्हणून बोलले नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. घुगऱ्या गिळायला किती वेळ लागतो?

अम्मा तिचा बट्टा, म्हणजे इथला वरवंटा, द्यायला निघाली होती, "साबुत है, ले लो." तू एवढंच म्हणालीस की अर्धा असला तरी घरचाच गोप्या फिरेल. आणि तो फिरला. केरळच्या बाईंनी तर त्याला पाळण्यावरून घेताना त्याच्या गालाला हात लावून बोटं मोडली. मग आत्याने भावाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत जे धपाटे बसले त्यातला एक माझा होता, आणि तो जरा जास्तच जोरात होता, हेही आता कबूल करते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण तू त्या तोकड्या वरवंट्यावर पुढे किती वर्षं वाटलंस, आई! दोन्ही हातांत मावायचा नाही, एका हातात पेलायचा नाही, पुढे लोटला की बोटांची पेरं पाट्यावर घासायची. बाबा म्हणायचे नवीन आणू, तू म्हणायचीस इथल्या बट्ट्यावर माझा हात बसत नाही. तुझ्या उजव्या हाताच्या दोन पेरांवर कायमचे घट्टे पडले होते. मी त्यांना तूप लावून द्यायचे. फार गुणाची पोर, अम्मा म्हणायची. आणि वर तू त्याची गोष्ट केलीस! घरात पाहुणा आला, थंडीचा विषय निघाला, की तुझं सुरू. "या मुलाच्या वेळी मी इतकी वेंधळी झाले होते, की वरवंटा विस्तवात ठेवला आणि शेजारी मोजे विणायला जाऊन बसले!" सगळ्या अंगाने हसत सांगायचीस. लोक हसायचे. माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांनाही सांगितलीस. आणि दर वेळी, सांगून झाल्यावर, एकदा माझ्याकडे बघायचीस. किंवा बघत नसशीलही. माझ्या मनात चोर होता, त्याला सगळंच दिसायचं.

तुझ्या शेवटच्या थंडीत मी तुला रबराची गरम पाण्याची पिशवी आणून दिली होती. लाल, खवल्याखवल्यांची. तू ती पोटाशी धरून म्हणालीस, "छान आहे गं. पण हिला लसणीचा वास नाही." मी खाटेच्या कडेला बसले होते. मनात म्हटलं, आता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भाऊ औषधं घेऊन आला, आणि तू त्याला म्हणालीस, "तुझ्या वेळी मी किती वेंधळी झाले होते, सांगितलंय का तुला?" तो म्हणाला, "शंभर वेळा." आणि तू एकशे एकाव्यांदा सांगितलीस. मी पिशवीत गरम पाणी भरायला उठले. पिशवी तर गरमच होती.

आता इकडचं सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. घर आनंदात आहे. मुलगा आणि सूनबाई दोघंही एम.पी. नगरला ऑफिसात जातात, जातात म्हणजे सध्या ती घरी. ती इथलीच, तिचे वडील करोंदच्या मंडीत धान्याचे आडते, गडी मोठा दिलदार, बाळंतपणाला मेथी आणि डिंक पोत्यानेच पाठवला. मुलाने तिच्यासाठी विजेचं ब्लँकेट आणलं, बटन दाबलं की पाच मिनिटांत अंथरूण उबदार, बाबांपासून तुझ्यापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी पुरलं असतं. पण सूनबाईला बाळाजवळ वायर नको वाटते. तेव्हा मी माळ्यावरच्या डब्यातून अर्धा गोप्या काढला. छोटा तुकडा कधीच कुठे गेला, मोठा मात्र तू गेल्यावर मीच मागून घेतला होता. भाऊ म्हणाला, "दगड नेतेस?" रोज सकाळी तो बाल्कनीत उन्हात ठेवते. संध्याकाळी मंद गॅसवर तवा, तव्यावर गोप्या. त्याआधी तो गालाला लावून बघते, सुकलाय ना, तीनतीनदा. मग धोतराऐवजी माझी सुती साडी, आणि वर तीच कुंची. सूनबाईच्या गादीवरून पायथ्यापासून वर ओढत आणायचा, बाहेर काढायचा, मग तिने बाळाला घेऊन आत शिरायचं. "मम्मीजी, ये तो जादू है," म्हणते. तिने परवा मैत्रिणींना त्याचा फोटोही पाठवला. लसूण मी मिक्सरमध्ये वाटते, त्यामुळे वास मात्र नाही.

बारशाला भाऊ पुण्याहून आला. हबीबगंजला उतरला, स्टेशन आता नाव बदलून इतकं चकाचक झालंय की तो फलाटावर मलाच शोधत बसला. पाळणा सजला, सूनबाईच्या माहेरच्या बायका जमल्या, आणि मी कुंचीतला अर्धा गोप्या पुढे केला. कुणीतरी विचारलं, "ये आधा क्यों है?" झालं. भाऊ खुर्चीत पुढे सरकला, घसा साफ केला आणि तुझी गोष्ट सुरू केली, हिंदीत, अगदी तुझ्यासारखे हात हलवून. "हमारी माँ इतनी भुलक्कड़..." सगळ्या हसायला लागल्या. आणि सूनबाईच्या आईने हसता हसता आपल्या लेकीला म्हटलं, "देख, तू अकेली नहीं है, बच्चे के टाइम पे सबका दिमाग घूमता है."

मला काय झालं कोण जाणे. तुझ्या पेरांवरचे घट्टे दिसले डोळ्यांसमोर. मी म्हटलं, "थांब. आईने नाही फोडला. मी फोडला. मी बादलीत भिजवला, मी विस्तवावर ठेवला, आणि नाव तिचं सांगितलं." सगळं सांगितलं, सोड्याच्या मुठीसकट. हिंदीत सांगितलं, म्हणजे कुणाला कळलं नाही असं होऊ नये. सांगून टाकलं, आई. साठ वर्षांनी.

मग भाऊ उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, पुरे हं. आईला सांभाळून घेतेस ते कळतं आम्हाला. लहानपणीही तू असंच करायचीस." मी म्हटलं, "अरे, खरं सांगतेय!" तो म्हणाला, "हो, हो. आईनं स्वतः मला शंभर वेळा सांगितलंय, ती काय खोटं बोलेल?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. तिने पाळण्यामागून येऊन मला मिठी मारली. "मम्मीजी, आप कितनी अच्छी हैं. मरी हुई माँ का भी नाम नहीं खराब होने देतीं." तिची आई पदराने डोळे पुसायला लागली. मी तिथे गोप्याला कडेवर घेऊन उभी, आणि सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी श्रावणबाळाची बहीणच. मग गोप्या पाळण्याखालून गेला, नाव ठेवलं, धपाटे बसले, आणि पेढे वाटले गेले.

तू तुझी गोष्ट इतकी पक्की करून गेलीस की आता खरं सांगूनही कुणाला पटत नाही. तुला हेच करायचं होतं का? की मी कधी तोंड उघडते, याची वाट बघत तू ती सांगत राहिलीस? शंभर वेळा म्हणजे शंभर संधी. मी एकही घेतली नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. सूनबाईला देवनागरी वाचता येते, म्हणून हे उघड्यावर ठेवता येणार नाही, थंडी सरली की गोप्याच्या कुंचीत गुंडाळून डब्यात ठेवीन. तसं तर त्यांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण तुझ्यापाशी काय लपवायचं? मला हायसं वाटलं. पेढासुद्धा गोड लागला.

आणि ते राहिलेलं. त्या संध्याकाळी तू अर्धा गोप्या पुन्हा तापवलास, या वेळी राखेत, बाजूला टेकवून. बाबा आत तुझी वाट बघत होते, आधी त्यांचं अंथरूण. तू सरळ माझ्याकडे आलीस. पहिल्यांदाच माझ्याकडे आधी. मी डोळे घट्ट मिटून घेतले. तू रजईचं टोक उचललंस, गोप्या माझ्या पायाशी ठेवलास, आणि खोलीत दुसरं कुणी नसताना म्हणालीस, "बघ हं, लसणीचा वासच गेला याचा."

मी झोपेचं सोंग घेतलं होतं, आई. पण पाय मात्र लगेच पुढे सरकवले होते.